दप्तरात न मावणारे शिक्षण

शाळेचे वर्ष सरले की गोमंतकातील घराघरांत प्रगतिपुस्तक येते. त्यात गणिताचे गुण असतात, विज्ञानाचे असतात, भाषांचे असतात आणि अगदी खालच्या बाजूस चित्रकला, संगीत, शारीरिक शिक्षण यांच्यापुढे एखादे अक्षर घातलेले असते. वडीलधारी माणसे वरच्या ओळी दोनदा वाचतात; खालच्या ओळींवरून नजर नुसतीच फिरते. वर्षभरात झालेल्या सहलीचा तर त्या पुस्तकात उल्लेखही नसतो. परंतु त्याच मुलाला जवळ बसवून, "बाळ, यंदा शाळेत काय काय केलेस?" असे विचारून पाहावे. ते त्रैराशिकापासून प्रारंभ करीत नाही. ते सांगते स्नेहसंमेलनातल्या नाटकात आपली मिशी गळून पडल्याची गोष्ट, किंवा सहलीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळविण्यासाठी झालेले भांडण. मुलांची जमाखर्चाची वही आणि आपली जमाखर्चाची वही यांत हे असे अंतर आहे. यांपैकी कोणती वही अधिक खरी, याचा विचार करण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

या विचारास एक निमित्तही आहे. २०२० च्या जूनमध्ये ज्या मुलांची नावे पहिलीच्या हजेरीपटावर चढली, ती मुले आज चौथीचा उंबरठा ओलांडून केव्हाच पुढे गेली आहेत. त्यांच्या शालेय जीवनाची पहिली जवळजवळ दोन वर्षे शाळेवाचून गेली. महामारी ओसरली तशी त्या दिवसांची आठवणही आपण, जुने छत्रीकापड गुंडाळून माळ्यावर टाकावे तशी, दूर टाकून दिली. दुःखाचे दिवस विसरणे हा मनुष्याचा स्वभाव आहे आणि तो एका अर्थी उपकारकही आहे. परंतु ज्या काळाने शाळा म्हणजे नेमके काय याचा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत करून दाखविला, त्याचा निष्कर्ष न वाचताच वही मिटून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

वाचकांना तो क्रम स्मरत असेलच. २०२० च्या मार्चच्या मध्यास, शिगम्याच्या ढोलांचा नाद अजून कानांत असताना, शाळांना कुलपे लागली. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. लांबणीवर पडलेली दहावीची परीक्षा २१ मेपासून, तोंडाला मुखपट्ट्या बांधून, दूरदूरच्या बाकांवर बसून मुलांनी दिली. मग जून आला. आपल्याकडे जून म्हणजे नव्या पुस्तकांचा वास, शाळेच्या पडवीत ओळीने उघडून ठेवलेल्या ओल्या छत्र्या आणि चिखलाने माखलेली पावले. त्या जूनमध्ये पाऊस आला, पण पडव्या कोरड्याच राहिल्या. मुलांना आणणाऱ्या-नेणाऱ्या बालरथाच्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२० रोजी दहावी आणि बारावीच्या वर्गांची दारे उघडली. परंतु अगदी लहान मुलांना वर्गात पाऊल टाकण्यासाठी २०२२ च्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले.

मधल्या काळात शाळा मोबाईलच्या काचेत राहावयास गेली. या दूरशिक्षणाची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या शिक्षकांनी आयुष्यभर खडू हाती धरला होता त्यांनी पन्नाशी उलटल्यावर मोबाईल भिंतीला टेकवून त्याच्यासमोर शिकविण्याची विद्या आत्मसात केली. जेथे तरंग पोहोचत नव्हते तेथे अनेक जण कागदावर पाठ लिहून, छापून, वाड्यावाड्यांवर देऊन येत. त्यांच्या या श्रमांचा यथोचित गौरव झाला नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. पण श्रम कितीही प्रामाणिक असले तरी साधनाची मर्यादा सुटत नाही. सांगे तालुक्यात नेत्रावळीच्या रानाकडील गावांतील मुले केवळ 'रेंज' मिळावी म्हणून डोंगर चढून जात होती, हे साऱ्या देशाने वर्तमानपत्रांत वाचले. घरात एकच मोबाईल, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला आणि शिकणारी भावंडे तीन, ही स्थिती तर शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांतूनही होती. देशातील ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाप्रमाणे २०१८ साली शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. पोटाला चिमटा घेऊन आईबापांनी मुलांसाठी काय केले ते या आकड्यावरून कळते, आणि शंभरांतील अडतीस मुलांच्या घरी तरीही काहीच नव्हते हेही त्यावरूनच कळते.

तथापि ज्यांच्या हाती मोबाईल होता आणि ज्यांच्या घरी तरंगही पोहोचत होते, त्यांना तरी शाळा मिळाली काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका संगीत शिक्षकाच्या अनुभवात सापडले. भजनी स्पर्धेत आपल्या शाळेचे बालपथक उतरविणारे हे गृहस्थ. मुलांचा सराव तुटू नये म्हणून त्यांनी सर्वांना मोबाईलवर एकत्र आणले. पखवाजवाला एका वाड्यावर, हार्मोनियम दुसऱ्या गावी, टाळकरी आपापल्या ओसरीवर. गजर सुरू झाला आणि दोन आवर्तनांतच सारा विसकटला. एकाचा आवाज दुसऱ्याकडे क्षणभर उशिरा पोहोचत होता, आणि तालाला तर तो क्षणच प्राणभूत. जो तो दुसऱ्यासाठी थांबू लागला, आणि सगळेच मागे पडले. शेवटी त्यांनी प्रत्येक मुलाला एकट्याने गाऊन ते ध्वनिमुद्रित करून पाठवावयास सांगितले आणि ते सर्व तुकडे एकत्र जोडले. "ऐकायला गजर उत्तम झाला," ते आम्हांला म्हणाले, "पण त्या मुलांनी एकमेकांचे ऐकलेच नव्हते."

या एका वाक्यात त्या संपूर्ण वर्षाचा सारांश आहे असे आम्ही मानतो. भजन म्हणजे दुसऱ्याचे ऐकत गाणे. नाटक म्हणजे दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत धीर धरणे. गोफ विणताना एका मुलाने पाऊल चुकविले तर सर्वांचाच गोफ गुंततो, आणि तो उलगडताना प्रत्येकाला आपण कोठून आलो हे आठवावे लागते. फुगडीत दुसरीचे हात घट्ट धरल्याखेरीज वेग घेता येत नाही. ज्यांना आपण कला म्हणून वेळापत्रकाच्या शेवटच्या तासात ढकलतो, त्या वास्तविक समाजात राहण्याच्या तालमी आहेत. त्रैराशिक एकट्याला शिकता येते, आणि एखादा बुद्धिमान मुलगा ते मोबाईलवरही शिकतो. एकत्र असण्याची विद्या मात्र एकत्र असल्याशिवाय येत नाही. त्या वर्षी काचेतून जे पाझरू शकले ते पाठ्यपुस्तक. जे पाझरू शकले नाही तीच शाळा होती.

आणि तरीही त्या वर्षाने एक फार सुंदर पाठ दिला, तो सांगितला नाही तर हा आढावा अपुरा राहील. २०२० मध्ये चतुर्थी २२ ऑगस्टला आली. बाजारात जाण्यास लोक बिचकत होते. त्यामुळे ज्या घरांतून माटोळीचे सामान अलीकडे पैसे मोजून आणले जात असे, अशा कित्येक घरांतील माणसे पुन्हा रानाकडे वळली, आणि शाळा नसल्याने मुलेही त्यांच्या पाठोपाठ गेली. गोमंतकातील हिंदू घरात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातील फळे, फुले, वेली बांधण्याची ही रीत. कवंडळ, मट्टी, कांगले, घागऱ्या, आंबाडे, तोरिंग, सुपारीचे शिपटे. यांतील निम्मी नावे शहरातल्या मुलाने ऐकलेलीही नसतात. आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने या संधीचे सोने केले. तिने वर्गातील मुलांना सांगितले की घरच्या माटोळीतील प्रत्येक जिन्नसाचे छायाचित्र पाठवा, आजीला विचारून त्याचे नाव लिहा, तो कोठे सापडला ते लिहा, आणि त्याचा औषधाला अथवा जेवणात काही उपयोग असल्यास तोही लिहा. आठवडाभरात तिच्या मोबाईलवर एक छोटासा वनस्पतिकोश तयार झाला. एकाच फळाला तीन गावांत तीन नावे आहेत असे आढळले तेव्हा मुलांत मोठा वाद माजला, आणि तो वाद मिटविण्यासाठी पुन्हा आज्यांचीच साक्ष काढावी लागली.

या प्रसंगात दूरशिक्षण होते, कला होती आणि सहलही होती. मात्र तिघांची जागा बरोबर लागली होती. मूल बाहेर गेले होते, त्याने हाताने फळ तोडले होते, मांडणीचा आकार आणि रंग डोळ्यांनी जोखले होते, घरातील म्हाताऱ्या माणसाशी बोलले होते. आणि यंत्राने फक्त निरोप्याचे काम केले होते. यंत्राने मुलाला बाहेर पाठविले तर ते शिक्षणाचे साधन होते, आणि आत बसवून ठेवले तर तेच भिंत होते. इतकी साधी कसोटी त्या वर्षाने आपल्या हाती दिली आहे.

दूरशिक्षण ही काही काल जन्मलेली कल्पना नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरदर्शनवरून शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचविण्याचा मोठा प्रयोग आपल्या शास्त्रज्ञांनी केला होता. त्या काळी गावकरी एका संचासमोर सामूहिकरीत्या बसत. पडदा एकच आणि पाहणारे अनेक असल्याने पाहणे हाच एक सामाजिक प्रसंग होता. २०२० मध्ये पडदे अनेक झाले आणि प्रत्येकासमोर एकेकटे मूल बसले. तंत्र पुढे गेले, परंतु शेजार नाहीसा झाला.

याहूनही मोलाचे उदाहरण आपल्याच भाषेच्या प्रदेशात, डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर घडले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना असे आढळले की गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत राहत आणि मुले गाणी, गोष्टी, पानाफुलांची मोजदाद यांतून शिकत. तिला 'कुरणशाळा' हे नाव मिळाले. अंतर तेथेही होते. पण ते अंतर तोडून शिक्षक चालत गेला. आमच्या गोमंतकात परकी अमदानीत मराठी शाळांना राजाश्रय नव्हता, तेव्हा देवळाच्या अग्रशाळेत, कोणाच्या तरी ओसरीवर, पंतोजींनी मुलांना बाराखडी शिकविली आणि मुक्तीपूर्वीच्या कित्येक पिढ्या तशाच साक्षर झाल्या. त्या ओसरीवर फळा नसेल, बाक नसतील; परंतु परवचा सर्व मुले एका सुरात म्हणत आणि त्या सुरात ज्याला येत नसे तोही हळूहळू ओढला जाई. एका सुराचे हे सामर्थ्य आम्ही इमारती बांधताना विसरलो आणि इमारती बंद झाल्यावर आम्हांस त्याची आठवण झाली.

आता सहलीविषयी. त्या दोन वर्षांत सहली अर्थातच झाल्या नाहीत, आणि त्यांची हळहळ मुलांखेरीज फारशी कोणाला वाटली नाही. सहल म्हणजे एक दिवसाची मौज अशी आपली समजूत असल्याचा हा परिणाम. वस्तुतः गोव्यासारख्या चिमुकल्या प्रदेशात पाठ्यपुस्तकातील अर्धे धडे बसने तासाभराच्या अंतरावर उघडे पडलेले आहेत. खाजन शेतीच्या बांधावर मुलांना उभे करावे आणि मानशीचे दार दाखवावे. भरती आली की पाण्याच्या रेट्याने लाकडी दार आपोआप मिटते आणि खारे पाणी शेताबाहेर राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते आणि शेतातले जादा पाणी नदीत जाते. वीज नाही, यंत्र नाही. चंद्राच्या ओढीवर चालणारी ही व्यवस्था आपल्या पूर्वजांनी उभारली. भरती-ओहोटीचा धडा, पाण्याच्या दाबाचा धडा आणि गावाने मिळून बांध राखण्याचा नागरिकशास्त्राचा धडा, तिन्ही त्या एका दारात आहेत.

रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडाच्या सपाट खडकावर आदिमानवाने कोरलेल्या आकृती आहेत. वळूंची शरीरे आहेत, आणि वळणावळणांचा एक चक्रव्यूह आहे. छायाचित्रात तो तळहाताएवढा दिसतो. प्रत्यक्षात मूल त्याच्या काठावर उकिडवे बसते आणि नजरेने एकेक रेघ धरून आत शिरू लागते, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी इथेच, याच नदीचा आवाज ऐकत, असेच उकिडवे बसले होते ही जाणीव त्याला शिवते. इतिहास या विषयाची गोडी लागण्यास एवढे पुरेसे आहे. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळाचे आवार तर प्रश्नांचे आगरच आहे. आसपास सर्वत्र जांभा दगड असता हे कदंबकालीन देऊळ काळ्या पाषाणाचे कसे, हा प्रश्न चौकस मूल आपण होऊन विचारते. तो दगड घाटापलीकडून आणला असावा असे सांगितले की त्याचा दुसरा प्रश्न तयारच असतो: "कसा आणला?" तो प्रश्न मुलाच्या तोंडून निघाला की शिक्षकाचे अर्धे काम झाले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. मुलांना वाचता येत नाही, बेरीज-वजाबाकी येत नाही, आणि तुम्ही गाण्यांच्या आणि सहलींच्या गोष्टी सांगता, असे कोणी म्हणेल. 'असर'च्याच पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरली. हा आकडा कोणाही विचारी माणसाची झोप उडवील असाच होता. त्यानंतर शासनाने आणि शिक्षकांनी वाचन-गणितावर जोर दिला आणि २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्क्यांवर आले, म्हणजे जवळजवळ पूर्वपदास गेले. याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. परंतु यातूनच आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जी हानी मोजली गेली ती भरून काढण्याची धडपड झाली. जी मोजलीच गेली नाही तिचे काय? पहिली-दुसरीच्या वयात ज्यांनी कोणाबरोबर कधी समूहगीत म्हटले नाही, रांगेत उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहिली नाही, खेळात हरून पुन्हा खेळावयास आले नाही, त्यांची तूट कोणत्या तक्त्यात मांडावयाची?

एका प्राथमिक शाळेतील बाईंनी सांगितलेली गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. २०२२ मध्ये शाळा उघडल्यावर दुसरीचा वर्ग प्रथमच त्यांच्यासमोर बसला. दीड वर्षाहून अधिक काळ ही मुले त्यांना रोज काचेत पाहत होती. पहिल्याच दिवशी एक मुलगी त्यांच्याजवळ आली, मान वर करून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही एवढ्या उंच आहात?" बाई हसल्या. नंतर मात्र त्यांच्या लक्षात आले की त्या मुलीला आपला आवाज पाठ होता, आपले अक्षर ओळखीचे होते, परंतु आपण एक सबंध माणूस आहोत हे तिला त्या दिवशी प्रथम कळले. त्या बाईंनी पहिला महिना पुस्तक जवळजवळ बाजूलाच ठेवले. गाणी म्हणवून घेतली, हात धरून गोल फिरविले, आवारातील झाडांची पाने गोळा करविली. त्यानंतर वाचनाला घेतले. मुले एकमेकांना वाचून दाखवू लागली आणि चुकले तर हसून पुन्हा वाचू लागली. गाण्याने वाचनाचा वेळ खाल्ला नाही. मुलांची भीड मोडून त्याने वाचनाची वाट मोकळी केली.

आजची स्थिती मात्र काय सांगते? शाळा उघडल्या, बुडालेला अभ्यास भरून काढण्याची घाई झाली, आणि वेळ कमी पडला की प्रथम कुऱ्हाड पडते ती चित्रकलेच्या आणि संगीताच्या तासावर. परीक्षा जवळ आली की हे तास गणिताच्या शिक्षकाकडे परस्पर जातात आणि त्याबद्दल कोणाला खेदही वाटत नाही. स्नेहसंमेलनाची गतही फारशी निराळी नाही. पूर्वी शिक्षक नाटुकले बसवीत, गावातला हौशी नट तालमीला येई, पडदा कोणाच्या तरी घरच्या लुगड्याचा असे. आता पुष्कळ ठिकाणी बाहेरून नृत्य बसविणारा आणला जातो, चित्रपटातील गाणे ध्वनिक्षेपकावर लागते आणि मुले त्यावर हातवारे करतात. ज्या गोव्यात जत्रा आणि नाटक ही एकाच श्वासात उच्चारली जातात, तेथे मुलाच्या तोंडी स्वतःचे एक वाक्यही नसावे! सहल जलक्रीडेच्या बागेकडे वळली. आणि दूरशिक्षण? त्यातले चांगले ते मागे पडले. उरला तो व्हॉट्सॲपवर रात्री नऊ वाजता येणारा गृहपाठ. म्हणजे संकटातून आपण उचलले ते नेमके टाकून देण्याजोगे.

यावर उपाय सांगण्यासाठी नव्या समित्या नेमण्याची गरज नाही. २९ जुलै २०२० रोजी, म्हणजे ऐन महामारीत, केंद्र सरकारने मान्य केलेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस आहे. सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन मुलांनी काम पाहावे आणि करावे, असा तिचा आशय आहे. शिकवण्याचे विषय आणि 'अवांतर' विषय अशी भिंत राहू नये, हेही त्यात म्हटले आहे. कागदावर हे सर्व आहे. हे दहा दिवस भाषणे आणि चित्रफिती यांवर घालविले गेले नाहीत म्हणजे मिळविली.

आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली ही की कलेचा तास हा मोडता न येणारा तास मानावा. मुख्याध्यापकाच्या सहीशिवाय तो दुसऱ्या विषयाकडे जाऊ नये. दुसरी ही की प्रत्येक शाळेने आपल्या गावाचीच एक यादी करावी. घुमट मढविणारा कोण आहे, भजनाचा जाणता बुवा कोण, धालोची गाणी कोणत्या वाड्यावरच्या वृद्धांना येतात, कावीचे काम कोणत्या देवळाच्या भिंतीवर उरले आहे. २०१९ मध्ये राज्याने घुमटाला वारसावाद्याचा मान दिला. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत, ते वन्यजीव कायद्याने बंद झाले आणि बकरीच्या कातड्याकडे वळावे लागले. कायदा, निसर्ग, ध्वनिशास्त्र आणि परंपरा यांची अशी गाठ पडलेला धडा कोणत्या पुस्तकात सापडेल? हा कारागीर वर्गात आला तर त्याला योग्य मानधन द्यावे. कलेचा आदर फुकट करून घेण्याची आपली सवय मुलांनी उचलू नये.

तिसरी सूचना वेळापत्रकाची. २०२५ मध्ये गोव्यात वरच्या इयत्तांचे वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू करण्यात आले तेव्हा पालकांनी उन्हाच्या तापाची तक्रार केली, आणि ती रास्त होती. परंतु एप्रिल हा आपल्या भूमीचा सर्वांत बोलका महिना आहे. मिठागरांत मीठ याच दिवसांत पडते, काजूच्या बागा भरात असतात, अंगणांत आमसोले वाळत असतात. एप्रिलमध्ये शाळा भरवावयाचीच असेल तर पत्र्याखाली नवीन पुस्तकाचा पहिला धडा घेण्यापेक्षा सकाळी सातला मुलांना मिठागरावर न्यावे आणि दहाच्या आत घरी सोडावे. बाष्पीभवन म्हणजे काय हे त्यांना नंतर शिकवावे लागणार नाही. चौथी सूचना दूरशिक्षणाबद्दल. ते बंद करू नये, त्याला जागेवर आणावे. ज्या मुलाला आजारपणामुळे येता येत नाही त्याच्यापर्यंत वर्ग पोहोचविणे, एका गावच्या मुलांनी दुसऱ्या गावच्या मुलांना आपली माटोळी दाखविणे, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी शाळांशी आमच्या शाळांचे बोलणे घडविणे, ही कामे यंत्राने अवश्य करावीत. डोंगर चढून 'रेंज' शोधण्याची पाळी मात्र यापुढे कोणत्याही मुलावर येता कामा नये. ती सोय राज्याने केलीच पाहिजे, कारण पुढचे संकट पूर्वसूचना देऊन येणार नाही.

उरली ती पालकांची गोष्ट. शासन आणि शिक्षक यांना दोष देणे सोपे असते. परंतु संगीताचा तास बुडाला म्हणून शाळेत तक्रार घेऊन गेलेला पालक आमच्या ऐकिवात नाही, आणि गणिताचा एक तास बुडाला तर फाटकाशी गर्दी होते. शाळा शेवटी समाज जे मागतो तेच देते. देवस्थान समित्या, नाट्यमंडळे, महिला मंडळे यांनीही आपल्या दारातली विद्या गावच्या शाळेच्या पदरात घालावी. देवळांच्या ओसऱ्यांवर ज्या समाजाने आपली भाषा राखली, त्याला हे अवघड नाही.

यंदाचे प्रगतिपुस्तक घरी येईल तेव्हा ते जरा खालून वर वाचावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. संगीतापुढचे अक्षर पाहून मुलाला विचारावे, "काय गायलास?" आणि त्याने गाऊन दाखविले तर, सूर लागो वा न लागो, टाळ हाती घेऊन त्याच्याबरोबर बसावे. एक संबंध पिढी कित्येक महिने एकटी गायली आहे. तिला साथ देणे आपल्याकडे लागते.